स्प्लेक खोलात नाही, काठाला शोधा: बर्फावरून गरवणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅनडातल्या ऑंटारियोत, मिसिसागात राहतो, गेले दोन हिवाळे लेक सिमकोवर बर्फाला भोक पाडून पर्च पकडतोय, यंदा मित्राबरोबर हॅलिबर्टनकडच्या एका छोट्या लेकवर स्प्लेक नावाच्या संकरित ट्राउट माशासाठी गेलो, नकाशात बघून सगळ्यात खोल जागी, ७० फुटांवर, सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बसलो, एक टोचासुद्धा आला नाही. दादा, काय चुकतंय? आमिष बदलू का?

आमिष ठीक आहे रे, जागा आणि वेळ चुकतेय. स्प्लेकला लोक लेक ट्राउट समजून गरवायला जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. दिसायला तसा वाटला तरी निम्मा तो ब्रूक ट्राउट आहे, आणि हिवाळ्यात, विशेषतः पहिल्या बर्फात, म्हणजे लेक नुकतं गोठल्यावर, त्याच्यातला ब्रूक ट्राउटच जास्त बोलतो. लेक ट्राउटची मादी आणि ब्रूक ट्राउटचा नर, यांचा हॅचरीत केलेला हा संकर. दोन्ही आईबापांपेक्षा लवकर वाढतो, खायला हावरट असतो, आणि लेकमध्ये त्याची स्वतःची पैदास जवळजवळ होत नाही, म्हणजे जिथे सोडलाय तिथेच मिळणार आणि सोडणं थांबलं की काही वर्षांत संपणार. त्यामुळे पहिलं काम घरी बसून करायचं. ऑंटारियो सरकारचं फिश ऑन-लाइन नावाचं नकाशाचं टूल आहे, त्यात लेकवर क्लिक केलं की कुठल्या वर्षी कुठला मासा किती सोडला ते दिसतं. स्प्लेक बहुतेक वर्षभराचं पिल्लू असताना सोडतात, त्याला गळाला लागण्याजोगा व्हायला साधारण दोन वर्षं लागतात, म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यावर जाऊ नकोस, दोन-तीन-चार वर्षांपूर्वी भरपूर सोडलेत का ते बघ. गावातल्या गप्पांपेक्षा ह्या यादीवर विश्वास ठेव.

आता काठ का, ते नीट समजून घे, एकदा हे डोक्यात बसलं की कुठल्याही नव्या लेकवर तुझं तू जागा शोधशील. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं म्हणून ट्राउट जातीचा मासा नाइलाजाने खाली थंडाव्याला जातो. हिवाळ्यात ती सक्ती उरत नाही. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, ते तळाला बसतं, आणि बर्फाच्या लगेच खालचं पाणी शून्याच्या आसपास, म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळं पाणी त्याला चालण्यासारखं थंडच आहे. मग तो जाणार कुठे, तर जिथे खायला आहे तिथे. आणि खायला काठाला असतं: मिनो नावाचे बारीक मासे, छोटे पर्च, चिखलात वाढणाऱ्या उडत्या माश्यांच्या आणि चतुरांच्या अळ्या, क्रेफिश, गोड्या पाण्यातली ती बारीक झिंगासारखी स्कड. ७० फुटांवर भर लेकमध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. म्हणून पहिल्या बर्फापासून जानेवारी संपेपर्यंत मी ५ ते १५ फूट पाण्यात गरवतो, आणि पहाटेच्या वेळी ४ फुटांवरसुद्धा. बर्फाची जाडी सोडली तर खाली कमरेइतकं पाणी, आणि तिथे दोन-अडीच पाउंडाचा मासा फिरतोय, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही.

पण काठ म्हणजे कुठलाही काठ नाही. नेव्हिऑनिक्ससारख्या ॲपवर खोलीच्या रेषा बघ, आणि जोडीला सॅटेलाइट फोटोत उन्हाळ्यातला काठ बघ. मला हवा असतो तो असा: खडकाचा किंवा वाळूचा एक उथळ पट्टा, त्यावर पाण्यात पडलेली झाडं, आणि पट्टा संपला की एकदम २५-३० फुटांची उतरण. मासा त्या उतरणीच्या कडेने काठाला समांतर फेऱ्या मारतो, मध्येच उथळात शिरून चार घास खातो आणि परत कडेवर येतो. जमिनीचं टोक पाण्यात शिरलेलं असेल तर ते त्या फेरीचं वळण असतं, तिथे भोक पाडलंच पाहिजे. पडलेलं झाड मिळालं तर माझ्या दृष्टीने ती सगळ्यात भारी जागा, कारण मिनो त्या फांद्यांत लपतात आणि स्प्लेक बाहेरून घिरट्या घालतो, फक्त गरी फांदीत अडकणार नाही इतकं, म्हणजे सहा-आठ फूट, लांब राहायचं. ओढा येऊन मिळतो ती जागाही चांगली, पण तिथल्या बर्फाबद्दल खाली सांगतोय ते वाचल्याशिवाय जाऊ नकोस.

वेळेचं तर विचारूच नको. दहा वाजता पोचलास तेव्हा खेळ संपलेला होता. उजाडायच्या अर्धा तास आधीपासून सूर्य झाडांच्या वर येईपर्यंतचा दीड-दोन तास, बस्स, दिवसातले निम्म्याहून जास्त मासे मला त्यातच लागतात. दुपार बहुतेक रिकामी जाते, संध्याकाळी शेवटच्या तासात परत थोडी हालचाल होते. ढगाळ दिवशी, बर्फ पडायच्या बेतात असताना सकाळ लांबते, अकरापर्यंतसुद्धा टोचे येतात. म्हणजे मिसिसागातून पहाटे तीनला निघायचं किंवा आदल्या रात्री तिकडे मुक्काम करायचा, तिसरा मार्ग नाही.

आणि आवाज! उथळ पाण्यात हा मासा फार बुजतो. ८ फूट पाण्यावर तू पेट्रोलचा ऑगर, म्हणजे भोक पाडायचं गिरमिट, चालवलास, वर स्नोमोबिल आणून उभी केलीस, बर्फावर बादली आपटलीस की तो पट्टा तासभर तरी मेला म्हणून समज. मी अंधारात हेडलॅम्प लावून पोचतो, सगळी भोकं एकदाच पाडून घेतो, ६ इंची हाताचा ऑगर किंवा बॅटरीचा, एका ओळीत काठापासून बाहेरच्या दिशेने: ५ फूट, ८ फूट, १२, २०. मग सगळ्यांतला चुरा काढतो आणि वीस-पंचवीस मिनिटं लांब जाऊन चहा पीत बसतो. पहिल्या काचेसारख्या बर्फावर, वर भुसभुशीत हिम नसताना, खालून त्याला तुझी सावली आणि बूट दोन्ही दिसतात, त्यामुळे भोकाजवळ उभं राहायचं नाही, येरझाऱ्या घालायच्या नाहीत, आणि थोडं हिम मिळालं तर भोकावर ढकलून प्रकाश बंद करायचा.

ऑंटारियोत बर्फावरून बहुतेक पाण्यांत माणशी दोन लाइनी चालतात, पण त्या दोन्ही नजरेसमोर आणि तुझ्यापासून ६० मीटरच्या आत पाहिजेत. एक लाइन मांडून ठेवायची, दुसरी हातात हलवायची. तुझ्याकडे दोन लाइनींची मुभा आहे आणि तू दोन्ही एकाच खोलीला वापरल्यास तर अर्धी मुभा वाया गेली. मांडलेली लाइन उथळात, ५-६ फुटांवर, हातातली उतरणीच्या कडेवर.

मांडलेल्या लाइनीबद्दल जरा बारकाईने सांगतो कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. सिमकोवर पर्चला जी जाड लाइन चालली ती इथे चालणार नाही, या लेकचं पाणी काचेसारखं असतं. टिप-अपच्या, म्हणजे मासा ओढू लागला की झेंडा वर करणाऱ्या साधनाच्या, मुख्य दोरीला बारीक स्विव्हल (फिरती कडी), त्याला तीन-चार फूट ६ पाउंडाचा फ्लुरोकार्बन तंगूस, टोकाला ८ किंवा १० नंबरची एकेरी गरी. गरीच्या वर हातभर अंतरावर शिशाची एकच बारीक गोळी दाताने न दाबता पक्कडने दाब. मिनो दोन-अडीच इंचाचा, जास्त मोठा नको. गरी त्याच्या पाठीच्या पराच्या जरा पुढे, कातडीखालून वरवर ओवायची, कण्याला लागू द्यायची नाही, नाहीतर तो पाच मिनिटांत लुळा पडतो. बरोबर ओवला तर तो तासभर फिरत राहतो आणि ती फडफडच मासा बोलावते. तळापासून फूटभर वर ठेव. झेंडा वर झाला की धावत जाऊ नकोस, बर्फावर बूट आपटत गेलास तर तो मिनो सोडून देतो. चालत जा, गुडघ्यावर बस, रीळ फिरतंय का बघ. स्प्लेक मिनो आडवा धरतो, थोडा लांब नेतो, थांबतो, तोंडात फिरवून डोक्याकडून गिळतो. रीळ फिरून थांबलं आणि परत फिरायला लागलं की दोरी बोटांत घे, वजन जाणवलं की मनगटाने हलकी ओढ दे, हात डोक्यावर नेऊन झटका द्यायचा नाही, ६ पाउंडाचा तंगूस तिथेच तुटतो. खूप वेळ थांबलास तर गरी पोटात जाते, आणि मग सोडायचा मासा सोडता येत नाही, म्हणून उशीर करण्यापेक्षा थोडं लवकर ओढलेलं बरं.

मिनोचे नियम मात्र कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. २०२२ पासून ऑंटारियोत बेट मॅनेजमेंट झोन, म्हणजे आमिषासाठी आखलेले विभाग, आहेत, एका झोनमधला मिनो, जिवंत असो वा मेलेला, दुसऱ्या झोनमध्ये न्यायचा नाही, म्हणजे टोरोंटोकडून विकत घेऊन वर न्यायची सवय असेल तर ती बंद कर, तिथल्या दुकानातूनच घे आणि पावती खिशात ठेव. उरलेलं आमिष आणि बादलीतलं पाणी लेकमध्ये किंवा काठापासून ३० मीटरच्या आत ओतायचं नाही. काही ट्राउट लेकमध्ये जिवंत मिनोला बंदीच आहे, कारण बाहेरून आलेला पर्च किंवा बास एकदा शिरला की ट्राउटसाठी ते लेक संपल्यात जमा. ज्यांनी एखादं चांगलं लेक असं खराब होताना बघितलंय त्यांना यातलं दुःख कळेल. बंदी असेल तिथे कृत्रिम आमिष पुरेसं आहे, काळजी करू नकोस.

हातातल्या रॉडसाठी २८ ते ३२ इंचाची मीडियम-लाइट काठी, ६ पाउंड लाइन. आमिषात मी फार पसारा ठेवत नाही. पाव औंसाच्या आतले स्पून, म्हणजे चमच्यासारखी चमकती धातूची आमिषं: स्वीडिश पिंपल, विल्यम्सचा छोटा वॉबलर, कास्टमास्टर, चंदेरी किंवा अर्धा चंदेरी अर्धा सोनेरी. रापालाचा जिगिंग रॅप लहान साइझमध्ये. आणि दोन-अडीच इंची मऊ प्लास्टिकची पांढरी ट्यूब, ही खोलातल्या माशाला. स्पूनच्या गरीला मिनोचं फक्त मुंडकं लाव, वास आणि चव दोन्ही मिळतात आणि स्पूनची चाल बिघडत नाही, अख्खा मिनो लावला की स्पून डगमगतच नाही. रंगावर लोक तासन् तास वाद घालतात, माझ्या मते चाल आणि थांबा यांना रंगापेक्षा दुप्पट महत्त्व आहे. दोनदा-तीनदा फूटभर उचलून सैल सोड, लांबचा मासा त्या चमकेने येतो. मग थांब. पूर्ण थांब, दहा सेकंद. मग टोक नुसतं थरथरव. बहुतेक टोचे थांब्यात नाहीतर थरथरीतच येतात.

फ्लॅशर, म्हणजे भोकाखालचा मासा आणि आमिष दाखवणारं सोनार, असेल तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं, पण उथळात त्याचा उपयोग मर्यादित आहे, ५ फूट पाण्यात किरणाचा गोल इतका लहान असतो की मासा बाजूने येऊन जातो आणि काच काही दाखवत नाही. तिथे मी काळोखा तंबू लावतो, खाली जाड चटई टाकतो, पालथा झोपतो आणि भोकात तोंड घालून खाली बघतो. एकदा हे करच. तंबूच्या आत अंधार आणि बाहेरचा उजेड बर्फातून खाली झिरपलेला, त्यामुळे तळ हिरवट उजळलेला दिसतो, बुडालेली पानं, एखादी काटकी, वाळूतली रेघसुद्धा. स्प्लेक येतो तेव्हा अंग आधी दिसत नाही, तळाच्या रंगात मिसळलेलं असतं, आधी दिसते ती परांच्या पुढच्या कडेची पांढरी रेघ. दोन पांढऱ्या रेघा सरकत येतात आणि मग मागोमाग मासा. तो स्पूनपाशी येऊन वीतभर अंतरावर थांबतो, कल्ले हलतात, आणि तेव्हा तू स्पून खाली सोडलास तर नव्वद टक्के वेळा तो वळून जातो, आणि हळूच वर, अगदी इंच इंच उचललास तर मागे येतो. पळणारं भक्ष्य वर पळतं, शिकाऱ्याच्या तोंडात उतरत नाही. हे डोळ्यांनी बघून शिकलेलं मग खोल पाण्यात फ्लॅशरवरही कामाला येतं: रेघ वर येताना दिसली की तिच्यापुढे वर वर जात राहा.

लेक ट्राउटसारखी त्याची लांब पाठलागाची सवय नसते एवढा फरक लक्षात ठेव. लेक ट्राउट ३० फूट मागे येईल, स्प्लेक पाच-सात फुटांत निर्णय घेतो. नाही घेतला तर दुसऱ्यांदा येईपर्यंत त्याच भोकात शांत बस, फेरीचा मासा आहे, पंधरा-वीस मिनिटांत परत येतो. पाऊण तासात काहीच नाही तर मात्र जागा बदल. दिवसभर एका भोकावर बसणं पर्चच्या थव्याला ठीक, इथे नाही.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर चित्र बदलतं. बर्फावर जाड हिम बसलेलं असतं, खाली उजेड जात नाही, वनस्पती प्राणवायू बनवत नाहीत, आणि तळाची कुजणारी पानं आहे तो खात राहतात. उथळ गवताळ खाडीतला आणि अगदी तळाचा मासा उठतो. तेव्हा मी २० ते ४० फूट पाण्यावर जातो, पण आमिष तळाला ठेवत नाही, मध्यात लटकलेला मासा शोधतो, बर्फाखाली १० फुटांपासून सुरुवात करून पाच-पाच फूट उतरवत. इथे फ्लॅशरशिवाय फार वेळ जातो. मार्चमध्ये वितळलेलं पाणी ओढ्यांतून आणि भोकांतून आत यायला लागलं, ताजा प्राणवायू मिळाला, की तो परत काठाला, ओढ्यांच्या तोंडाशी येतो, आणि ते शेवटचे दोन आठवडे पहिल्या बर्फाइतकेच जोरदार असतात.

पण ओढ्याच्या तोंडाशी बर्फ सगळ्यात कच्चा असतो, आणि मार्चमध्ये जाडी बघून काही कळत नाही, फूटभर जाडीचा बर्फसुद्धा आतून सडून उभ्या सुयांसारखा सुटतो. कॅनडातली रेड क्रॉस एकट्याने चालायला १५ सेंटिमीटर आणि स्नोमोबिलला २५ सेंटिमीटर सांगते, तेही स्वच्छ निळ्या कडक बर्फाला. पांढरा, हिम गोठून झालेला बर्फ निम्म्या ताकदीचा धर. डिसेंबरअखेरीला पहिल्या बर्फावर जाताना हातात लोखंडी पहार घेऊन दर दोन पावलांना आपटत जायचं, एका घावात पाणी आलं की मागे फिरायचं. गळ्यात बर्फाचे टोचे, म्हणजे बर्फात रुतवायचे टोकदार खिळे बसवलेल्या मुठी, पाहिजेतच, आत पडलास तर त्यांच्याशिवाय ओल्या कडेवर हात टिकत नाही. तरंगणारा सूट परवडत असेल तर घे, नाहीतर जाकिटाखाली लाइफ जॅकेट घाल. पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, तेव्हा धडपड न करता श्वास ताब्यात आणायचा, मग जिकडून आलास त्याच बाजूला वळून पाय मारत पोटावर बाहेर सरकायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. तंबूत हीटर लावलास तर वरची खिडकी उघडी ठेव, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पहाटे एकटा जाऊ नकोस, घरी लेकचं नाव आणि परतायची वेळ सांगून जा. तुझ्या आईला भारतात फोटो पाठवायचे असतील तर आधी हे सामान घे, फॅन्सी रॉड नंतर.

ओळखीचं महत्त्वाचं आहे कारण लायसन्सवरची मर्यादा जातीप्रमाणे वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी स्प्लेक वर्षभर पकडायला उघडा असतो आणि त्याच वेळी लेक ट्राउट किंवा ब्रूक ट्राउट बंद असू शकतो, तुझ्या लेकचा मासेमारीचा झोन आणि अपवादांची यादी दरवर्षी नव्याने बघ. शेपटी बघ: ब्रूक ट्राउटची जवळजवळ सरळ कापलेली, लेक ट्राउटची खोल दुभंगलेली, स्प्लेकची मधली, किंचित खाच असलेली. पाठीवर ब्रूक ट्राउटसारखी नागमोडी नक्षी असू शकते, त्यामुळे रंगावर जाऊ नकोस. शंका राहिली तर सोडून दे. सोडताना पाण्यातच गरी काढ, उणे २० मध्ये बर्फावर ठेवलास तर कल्ले आणि डोळे काही सेकंदांत गोठतात. ट्राउटला वाताशयातली, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतली, हवा तोंडाने सोडता येते, म्हणून ३०-४० फुटांवरून आणताना शेवटी जरा हळू आण, भोकात बुडबुडे आले की त्याने हवा सोडली असं समज, असा मासा नीट परत जातो.

आकाराची अपेक्षाही नीट ठेव. छोट्या लेकमधला नेहमीचा स्प्लेक एक ते तीन पाउंडाचा, पाच म्हणजे मोठा. २० पाउंड ११ औंसाचा विक्रमी मासा १९८७ मध्ये जॉर्जियन बेमध्ये लागला होता, पण ते पाणीच वेगळं, समुद्राएवढं. हॅलिबर्टनच्या छोट्या लेकांत चाळीस सेंटिमीटरचा स्प्लेक लागला तर आनंदाने घरी ने.

खायचा असेल तर लगेच कल्ल्याखाली कापून रक्त जाऊ दे आणि हिमात पुर, रक्त राहिलं की चव उतरते. खवले इतके बारीक की काढायची गरज नाही, कातडीसकट तुकड्या कर, मीठ-हळद-तिखट आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेव, रवा लावून तव्यावर कातडीची बाजू आधी. मांस कधी केशरी कधी पांढरं निघतं, ते त्याच्या खाण्यावर असतं. मोठे मासे किती खावेत यासाठी सरकारचं ऑंटारियोचे मासे खाण्याचं गाइड आहे, त्यात तुझं लेक शोध, घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर नक्कीच. आणि साफ करताना पोट फेकून द्यायच्या आधी उघडून बघ. जठराला लागून बोटांसारखे जे बारीक झुपके असतात ते मोजले तर ओळख पक्की होते, ब्रूक ट्राउटला ५५ पर्यंत, लेक ट्राउटला नव्वदच्या वर, स्प्लेकला ६५ ते ८५. आणि आत काय खाल्लंय ते बघ. अळ्या आणि स्कड निघाले तर पुढच्या वेळी स्पून बाजूला ठेवून बारीक काळा जिग (वजन लावलेली गरी) लाव आणि ५-६ फुटांवर चिखलाच्या बाजूला जा, पर्चची पिल्लं निघाली तर हिरवट-सोनेरी स्पून घेऊन खडकाच्या कडेवर. तुझ्या लेकचं नाव आणि सोडण्याची वर्षं मला कळव, नकाशा बघून पहिली चार भोकं कुठे पाडायची ते सांगतो.